दोन मीठं

पारा सेहेचाळीसवर. कूलरच्या वाळ्याला कुजट ओल.
मेडिकलच्या होस्टेलात रात्री दोन वाजता
मी पुन्हा लिथियमपाशी येऊन अडकते.
पॉइंट सहा ते एक पॉइंट दोन.
शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त.
दीडच्या वर गेलं की हात बोलायला लागतात.
इथवर पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी सांगेन.

बाकीची उजळणी मला माणसांवरूनच होते.
हॅलोपेरिडॉल म्हणजे कामठीचा तो पोरगा,
मान पिरगळलेली, डोळे छताला टांगलेले,
आई ओरडतेय, अंगात आलं, लिंबू आणा कोणी!
प्रोमेथाझिनची सुई टोचली,
अर्ध्या तासात सरळ होऊन म्हणाला, भूक लागली.
लिंबू तोवर आलं होतं.
सिस्टरनं त्याचं सरबत केलं.

क्लोझापिन म्हणजे वनमाला निनावे.
अठरा आठवडे, दर सोमवारी, दंड पुढे करून:
"माह्या पांढऱ्या पेशी मोजून झाल्या काय?
मंग आता आवाजबी मोजा.
सात होते, दोन उरले.
त्यातला एक बरा हाय बाई, त्याले ऱ्हाऊ द्या."

नैराश्याच्या गोळीला दोन ते सहा आठवडे लागतात.
हे मी ओपीडीत दिवसातून चाळीसदा म्हणते
आणि समोरचा माणूस भिंतीवरची तारीख बघतो.
कधी कधी अंगात बळ आधी येतं, मन मागाहून.
मधल्या दिवसांत घरच्यांनी लक्ष ठेवायचं.
हे सांगताना आवाज आपोआप खाली येतो,
ते पुस्तकात नाही.

ताप, घाम, भ्रम: सीपीके पाठवा.
पण मे महिन्यात इथे ताप कुणाला नाही?
सर म्हणतात, आधी अंगाला हात लाव.
उन्हानं पडलेल्याचा हात बहुधा सैल असतो,
औषधानं धरलेल्याचा शिशाच्या नळीसारखा.

आणि पुन्हा लिथियम.

हेमराज पराते, पाचपावली, हातमाग.
अकरा वर्षांपूर्वी नऊ रात्री जागून
त्यानं लुगडी विणली आणि सिग्नलवर फुकट वाटली.
तेव्हापासून गोळी, तेव्हापासून झोप.
यंदा आला तेव्हा म्हणाला,
"हात कापते बाई, धागा ओवला जात नाही."
मी लिहिलं: बारीक कंप, नेहमीचा.
बाहेर बासष्ट जण होते. पुढचा.

विचारलं नाही.
टिनाच्या पत्र्याखाली दिवसभर माग,
बनियन पिळून वाळत घालावं इतका घाम.
गुडघ्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून डायक्लोफेनॅक, दहा दिवस.
आणि शेजारणीनं बीपीचं काही सांगितलं म्हणून
बायकोनं त्याच्या जेवणातलं मीठ बंद केलेलं.

मूत्रपिंडाला दोन मीठं वेगळी ओळखता येत नाहीत.
एक कमी पडलं की दुसरं धरून ठेवतं.
हे मला दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे.

चौथ्या दिवशी ऑटोतून उतरवला,
झोकांड्या, जीभ जड.
गेटवरचा कोणी म्हणाला, भर दुपारी चढवली वाटते.
दोन पॉइंट आठ.
डायलिसिसच्या यंत्राशी मी रात्रभर बसले,
तसं बसायची काही गरज नव्हती.

वाचला. धागा अजून ओवत नाही, पोरगी ओवून देते.
बायकोनं व्हरांड्यात गाठलं:
"मीठ तं मीच बंद केलं होतं.
माह्यं चुकलं काय?"
मी म्हणाले, नाही.
ती थांबून राहिली, आणखी काही येईल म्हणून.
मी केसपेपर चाळत राहिले.

परवा पेपर. विषबाधेची कारणं, चार गुण.
ती मी लिहीन, ओळीनं, सगळी.

काल तिनं डबा पाठवला, गोळाभात.
पहिल्या घासालाच जीभ आखडली,
मुठीनं टाकलं असावं मीठ.
मी पाणी घेत घेत
डबा संपवला.